पायाखालची पट्टी : एकोणिसाव्या शतकातील जलरंग आणि आपला रस्ता

एकोणिसाव्या शतकातील बाजाराचे किंवा रस्त्याचे म्हणून जे रंगीत चित्र आज जागोजाग छापले जाते, ते पुष्कळदा रस्त्याचे चित्रच नसते. त्यात एक माणूस असतो, बहुधा शेजारी त्याची बायको असते आणि दोघांच्या हातांत त्यांच्या धंद्याची साधने असतात. न्हाव्याच्या काखेत धोकटी, परटाच्या पाठीवर गाठोडे, कोष्ट्याच्या बायकोच्या हातात सूत, गारुड्यापुढे टोपली. पायांखाली हिरवट-तपकिरी रंगाचा एकच हात फिरवलेला, जेमतेम दोन-तीन बोटे रुंदीची पट्टी. तिच्यावर एका अंगाला पडलेली सावली. पट्टीपलीकडे कोरा कागद, फार तर वर जाताना गडद होत जाणारे निळे आकाश. दुकान नाही, ओटा नाही, गिऱ्हाईक नाही, शेजारचा माणूस नाही. न्हावी आहे पण ज्याची हजामत करायची तो नाही.

आपल्या भागात गावाच्या, संस्थेच्या, देवस्थानाच्या स्मरणिका निघतात. सातारा-वाईकडे निघतात, सांगली-मिरजेकडेही निघतात. त्यांत ‘पेशवेकालीन बाजार’, ‘जुन्या काळचे व्यावसायिक’ अशा मथळ्यांखाली अशी चित्रे हटकून सापडतात. कोणी काढले, कुठे काढले, आज ते कोणाकडे आहे, यातले काहीही खाली लिहिलेले नसते. कृष्णाकाठचा न्हावी म्हणून जो आपण पाहतो तो कावेरीकाठचा असण्याची शक्यता बरीच असते. तंजावर आणि सातारा यांचे रक्ताचे नाते आहे म्हणून न्हाव्याची धोकटी काही सारखी होत नाही. पण माझी तक्रार एवढ्या भौगोलिक घोटाळ्यापुरती नाही. चित्र खरोखर साताऱ्याच्या पेठेत काढलेले असते तरी ‘त्या काळचा रस्ता’ म्हणून ते वापरण्याआधी आपल्याला थांबावे लागले असते. कारण त्या चित्रातून रस्ता पुसला गेलेला नाही. तो मुळात मागितलेलाच नव्हता.

तंजावरपासून सुरुवात करू, कारण या प्रकारच्या चित्रांचे एक मोठे उगमस्थान तेच आहे आणि ते मराठी दरबाराच्या छायेत होते. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांच्या वंशातील दुसरे सरफोजी १७९८ मध्ये गादीवर आले आणि दुसऱ्याच वर्षी राज्याचा कारभार कंपनीच्या हाती गेला. राजाकडे उरली ती विद्या, संगीत, वैद्यक, ग्रंथसंग्रह यांची हौस आणि ती त्यांनी १८३२ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत जोपासली. सरस्वती महाल आज जो आहे तो मुख्यत्वे त्यांच्यामुळे. त्याच शहरात मुच्ची म्हणून ओळखले जाणारे चित्रकार होते. मूळचे कातडीकाम, खोगीरकाम करणारे हे लोक देवादिकांची चित्रे काढत आणि कंपनीच्या गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी जातींची व धंद्यांची चित्रे काढून त्यांचे संच बांधून देत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात, ब्रिटिश म्युझियममध्ये असे संच आहेत. मिल्ड्रेड आर्चर या विदुषीने आयुष्याचा मोठा भाग खर्चून या साऱ्या ‘कंपनी चित्रां’ची जी सूची केली, ती नसती तर आपल्यासारख्या दूरच्या माणसाला त्यात पाऊलही टाकता आले नसते.

खोगीर आणि कुंचला यांचे हे नाते आपल्याकडेही आहे. जिनगर म्हणजे जीन करणारा. मराठ्यांचे घोडदळ संपले, खोगिरांचे गिऱ्हाईक गेले आणि जिनगर ओतकाम, पुस्तकबांधणी, चित्रे, मातीच्या मूर्ती अशा कामांकडे वळले. पुण्याच्या जिनगरांनी केलेल्या मातीच्या बाहुल्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात साहेबलोक आवडीने विकत घेत. पाणक्या, भिस्ती, भाजीवाली, शिपाई, असेच एकेकटे नग. तंजावरच्या कागदावर जी पायाखालची पट्टी, तीच या बाहुल्यांच्या तळाशी असलेली बैठक. दोन्हीकडे माणूस उचलून घरी नेता येईल एवढा सुटा केलेला.

अशा चित्राकडे पाहताना मी आधी कागद पाहतो, निदान कागदाविषयी सूचिकाराने काय नोंदवले आहे ते पाहतो. विलायती कागदात कारखान्याचे नाव आणि कित्येकदा सालही पाणखुणेत उमटलेले असते. व्हॉटमनच्या कागदावर १७९४ पासून ते आढळते. चित्र त्या सालानंतरचे, एवढे तरी पक्के होते. मग रंग. आपल्या चित्रकाराच्या हातात परंपरेने होता तो घट्ट, अपारदर्शक रंग. पांढऱ्याच्या मिश्रणाने अंग धरलेला, थरावर थर देत नेलेला. साहेबाला हवा होता पातळ, पाण्यासारखा, कागदाचा पांढरेपणा आतून दाखवणारा. एक पिढी खपून हे शिकली. पुष्कळ पानांवर दोन्ही सवयी एकत्र नांदताना दिसतात. धोतराच्या चुण्या पातळ रंगात, पण पागोटे आणि दागिने जुन्या घट्ट हाताने. मला या चित्रांतला सर्वांत जिवंत भाग हाच वाटतो. चित्रकाराने गिऱ्हाइकाचे ऐकले, पण जिथे त्याला स्वतःला रस होता तिथे त्याचा हात जुन्या मार्गाने गेला. पागोट्याचा पीळ, लुगड्याचा काठ, पायातल्या वाळ्यांची जाडी यांत त्याने कधी हयगय केली नाही. म्हणून वेशभूषेचा अभ्यास करणाऱ्याने ही चित्रे जरूर वापरावीत.

आणि शेवटी चित्राखालचा मजकूर. तो चित्रकाराचा नसतो. विकत घेणाऱ्याने किंवा त्याच्या कारकुनाने नंतर लिहिलेला असतो आणि त्यात माणसाचे नाव क्वचित असते. जात किंवा धंदा आणि ‘त्याची बायको’. हे अपरिहार्य होते असे नव्हे. दिल्लीत विल्यम फ्रेझर या अधिकाऱ्याने १८१५ च्या पुढच्या काही वर्षांत स्थानिक चित्रकारांकडून खेडुतांची, शिपायांची, घोडेवाल्यांची चित्रे करवून घेतली. त्यांतल्या अनेकांवर माणसांची नावे आणि गावे लिहिली आहेत. ती माणसे कागदावरून आपल्याकडे पाहतात ते वेगळ्या नजरेने. नाव विचारायला फार खर्च येत नव्हता. विचारावेसे वाटणे एवढेच लागत होते.

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. माणसाला धंद्यावरून ओळखण्याची सवय आपल्याला इंग्रजांनी लावली काय? बारा बलुतेदार, अठरा अलुतेदार ही आपलीच मोजणी. तांबट आळी, कुंभारवाडा, कासार आळी ही आपलीच नावे. भारुडांत वासुदेव, गोंधळी, जोशी, भुत्या हे सारे धंद्याच्या वेषातच येतात. आक्षेप खरा, पण तो बलुत्याचा आणि चित्रांच्या संचाचा फरक विसरतो. बलुतेदार ही एका नात्याची जागा आहे. कोणी कोणाचे काय करायचे, सुगीला त्याबदल्यात किती पेंढ्या घ्यायच्या, लग्नात मान कोणाचा, भांडण झाले तर ते कोणी सोडवायचे. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या ‘गावगाड्या’त (१९१५) या नात्याची चांगली आणि कडू अशी दोन्ही अंगे पानोपानी आहेत. जुलूमही त्या नात्यातच होता, तो झाकण्याचे कारण नाही. पण न्हावी म्हटला की ज्याची हजामत करायची तो त्यात गृहीत होता. भारुडातला वासुदेव तर चक्क बोलतो, समोरच्या माणसाला हटकतो. संचातला न्हावी कोणाचाच न्हावी नसतो आणि त्याचा वासुदेव मुका असतो. आपल्या मोजणीतले शब्द घेतले गेले. त्या शब्दांमधले दोर कापले गेले.

आता घराजवळ येऊ. पुण्याच्या दरबारी चार्ल्स मॅलेट हा कंपनीचा वकील १७८६ ते १७९७ या काळात होता. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये मुंबईत उतरला आणि पुढे पुण्यास आला. सवाई माधवराव व नाना फडणीस यांचे त्याने रंगवलेले चित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे आणि शाळेच्या पुस्तकांमुळे ते घरोघरी ओळखीचे आहे. वेल्स १७९५ मध्ये वारला. त्याच्या रेखाटनांच्या आधाराने टॉमस डॅनियलने पेशव्यांच्या दरबारातील तहाचे भव्य तैलचित्र १८०५ मध्ये पुरे केले. या मंडळींच्या बरोबर काम करणारा एक मराठी चित्रकार होता, गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट. वेरूळच्या लेण्यांची त्याने मॅलेटसाठी केलेली रेखाटने, पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्याचे १७९० मधील चित्र, कसरत करणाऱ्या पहिलवानांची चित्रे, हे सारे आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहे. होली शॅफर यांच्या संशोधनामुळे गेल्या दीड दशकात गंगारामाला जगाच्या कलेतिहासात जागा मिळाली. मराठीत त्याच्यावर जितके लिहायला हवे तितके अजून झालेले नाही.

गंगाराम आडनावाने तांबट. पुण्यातली तांबट आळी म्हणजे कानठळ्या बसवणारा रस्ता. सकाळपासून हातोड्यांचा ठोका, ओट्यावर घंगाळी, भट्टीची धग. पण त्याच्या हातून जे उतरले ते वेरूळ, गेंडा, पहिलवान, दरबारातली माणसे. विषय ठरवणारा पैसे देणारा होता आणि आपल्या रोजच्या आळीसाठी कोणी पैसे देत नव्हते. वेल्सचा दुसरा सहायक रॉबर्ट मेबन याने मात्र पौर्वात्य चालीरीतींच्या रेखाटनांचे एक पुस्तक १७९७ मध्ये कलकत्त्यास छापले. म्हणजे सामान्य माणसाच्या चित्राला बाजार होता, पण तो ‘चालीरीती’ या नावाखाली. दरबारात चेहऱ्याला नाव, आळीत चेहऱ्याला जात, अशी वाटणी अठराव्या शतकाच्या अखेरीसच होऊन गेली होती. एकोणिसाव्या शतकाने ती फक्त मोठ्या प्रमाणावर राबवली.

याच्या उलट टोकाला विलायती जलरंगकार आहेत. विल्यम कार्पेंटर (१८१८–१८९९) हे त्यांतले एक चांगले नाव. आई मार्गारेट कार्पेंटर नामांकित व्यक्तिचित्रकार, वडील ब्रिटिश म्युझियममधील मुद्राचित्रांच्या विभागाचे प्रमुख. हा गृहस्थ १८५० मध्ये मुंबईत उतरला आणि पुढची पाच-सहा वर्षे राजपुताना, पंजाब, काश्मीरपर्यंत फिरला. त्याची अडीचशेहून अधिक चित्रे १८८१ मध्ये आजच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयाने घेतली. कार्पेंटरला प्रकाश कळतो. गल्लीच्या एका बाजूला ऊन आणि दुसऱ्या बाजूला गार सावली असते, छपराखालच्या काळोखात दुकानदाराचे पागोटे तेवढे चमकते, हे त्याने मन लावून पाहिले आहे. एकेकट्या माणसाचे चित्र काढतो तेव्हा त्याला माणूसही कळतो. पण बाजार रंगवू लागला की माणसे रंगाचे ठिपके होतात. लाल ठिपका म्हणजे पागोटे, पांढरा म्हणजे अंगरखा. विलायतेत जलरंगाची जी शिस्त निसर्गदृश्यासाठी घडली होती, तीच इथे बाजाराला लावलेली आहे आणि निसर्गदृश्यात माणूस हा झाडाची उंची कळावी म्हणून असतो. तंजावरला रस्त्याविना माणूस, इकडे माणसाविना रस्ता. दोन्ही प्रकार मिळून एक पुरी पेठ होत नाही.

छायाचित्राने हे दुखणे बरे केले असते असे आपल्याला वाटते. मुंबईत विल्यम जॉन्सन याने दोन खंडांत (१८६३ आणि १८६६) मुंबईच्या रहिवाशांचे आणि पाहुण्यांचे ‘वंश व जमाती’वार चित्रसंग्रह काढले. त्यांत खरे छायाचित्र, खरी माणसे. पण माणसे आधी वेगळी बसवून टिपलेली आणि मग कापून मुंबईच्या एखाद्या देखाव्यावर बेमालूम चिकटवलेली. म्हणजे तंजावरच्या चित्रकाराने जी जागा कोरी सोडली होती, ती जॉन्सनने नंतर आणून डकवली. त्या माणसांच्या पायांकडे नीट पाहिले की जोड कळतो. सावली जमिनीची नसते. मला हा संग्रह या साऱ्या प्रकरणाची किल्ली वाटतो, कारण त्यात कबुलीच आहे. पार्श्वभूमीशिवाय चित्र अपुरे वाटते हे जॉन्सनला कळले होते, पण माणूस आणि जागा एकत्र पाहण्याची गरज त्याला भासली नव्हती. पुढे १८६८ ते १८७५ या काळात सरकारी छत्राखाली आठ खंडांचा ‘पीपल ऑफ इंडिया’ निघाला आणि पायाखालच्या पट्टीचा सरकारी दप्तरात प्रवेश झाला.

मग मराठी माणसाने स्वतः आपला रस्ता का रंगवला नाही? उत्तर साधे आहे. भिंतीवर टांगायला त्याला देव हवे होते आणि वीरपुरुष हवे होते. १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर आदींनी पुण्यात चित्रशाळा काढली, १८९४ मध्ये राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईत सुरू झाला. दोन्हीकडून लक्ष्मी, सरस्वती, राम-पंचायतन, शिवछत्रपती, पेशवे घराघरांत पोहोचले. हे काम लहान नव्हते. पण भाजीवालीचे चित्र दोन आण्यांना घेऊन दिवाणखान्यात कोण लावणार? ती सकाळी दारातच येत होती.

चित्रात जे आले नाही ते गद्यात मात्र आले आणि त्याची आपण पुरेशी दखल घेतलेली नाही. गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ चे. जॉन्सनचा पहिला खंड निघाला तेच साल. नारायण विष्णु जोश्यांचे ‘पुणे शहराचे वर्णन’ १८६८ चे. ज्या वर्षी माणसे कापून देखाव्यावर चिकटवली जात होती, त्याच वर्षी त्याच शहरात एक शिक्षक माणसे, भाव, वाहने, देवळे, जत्रा, आवाज यांची एकमेकांत गुंतलेली हकिकत मराठीत लिहीत होता. माडगावकरांनाही जाती मोजायची हौस आहे, ते तासन्‌तास याद्या देतात. पण त्यांच्या यादीतली माणसे एकमेकांना धक्के देतात. माझ्या मते एकोणिसाव्या शतकातील मुंबईच्या रस्त्याचे पहिले पुरे चित्र हे पुस्तक आहे आणि ते रंगात नाही.

त्याहून जुना आणि त्याहून अपुरा वाचलेला ऐवज म्हणजे मोडी कागद. गणेश चिमणाजी वाड यांनी निवडलेले सातारकर महाराज व पेशवे यांच्या रोजनिशींतले उतारे छापून शंभर वर्षे होऊन गेली. ते आपण राजकारणासाठी वाचतो. त्यांत पेठ वसवण्याचे कौल आहेत. अमुक ठिकाणी नवी पेठ वसवायची, शेटे-महाजनांना वतन द्यायचे, येऊन राहतील त्या उदम्यांना इतकी वर्षे जकात माफ. मोहतर्फ्याच्या, म्हणजे धंद्यावरील पट्टीच्या हिशोबांत कोणाचे दुकान, कोणता धंदा, किती आकार, हे ओळीने येते. कोतवालीच्या कागदांत वजनमापाची लबाडी, ओट्यावरून झालेली मारामारी, दुकान पुढे सरकवल्याबद्दलची फिर्याद. नाव इथे आहे, कारण पट्टी नावावर बसते. चेहरा मात्र नाही. ज्याला रस्ता पुन्हा उभा करायचा आहे त्याच्यापुढे एका हातात नाव नसलेला चेहरा आणि दुसऱ्या हातात चेहरा नसलेले नाव अशी स्थिती असते.

सातारा आणि सांगली या दोन शहरांना तर हा अभ्यास विशेष लागू पडतो, कारण त्यांचे आजचे रूप पुष्कळ अंशी याच काळात घडले. साताऱ्यास प्रतापसिंह महाराजांनी रस्ते केले, १८२४ मध्ये राजवाडा बांधला, महाबळेश्वरच्या बाजूने वाट काढली. सांगलीस चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन १८०१ मध्ये मिरजेपासून वेगळे होऊन आले आणि नदीकाठच्या एका गावाचे राजधानीचे शहर झाले. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ उभे केले तेव्हा ते पाहायला आलेली माणसे याच नव्या पेठांतून चालत आली. राक्षसांचे रंगवलेले चेहरे, विदूषकाची चाल यांच्या आठवणी लिहिल्या गेल्या. पेठेतल्या त्या प्रेक्षकांचे चित्र कोणी काढले नाही. साहेबांच्या रेखाटनांत सातारा येतो तो बहुधा दुरून, वर अजिंक्यतारा आणि खाली झाडीत बुडालेली छपरे. वही घेऊन पेठेत उतरण्यापेक्षा टेकडीवर बसणे सोपे असते, तिथे भोवती पोरे जमत नाहीत.

रस्त्याला जमीन देणारा आपला पहिला मोठा चित्रकार कोण, असे विचारले तर मी महादेव विश्वनाथ धुरंधरांचे नाव घेईन. १८ मार्च १८६७ रोजी कोल्हापुरात जन्म, जानेवारी १८९० मध्ये सर जे. जे. कलाशाळेत प्रवेश, तिथेच १९३१ पर्यंत शिक्षण आणि नोकरी. त्यांच्या आत्मवृत्ताचे नावच ‘कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे’ आहे. पौराणिक आणि ऐतिहासिक चित्रांनी त्यांना कीर्ती दिली, पण त्यांच्या हजारो रेखाटनांत जो दिसतो तो न थकता लोकांकडे पाहणारा माणूस. विशेषतः नऊवारीतली चालणारी बाई. टोपली डोक्यावर असताना मान कशी ताठ राहते आणि कंबर कशी मोकळी होते, मूल काखोटीला असताना दुसरा खांदा कसा उतरतो, हे त्यांना पाठ आहे. त्यांच्या पाण्याच्या रंगातल्या बायका उभ्या राहत नाहीत, कुठेतरी निघालेल्या असतात. निघालेल्या माणसाला रस्ता लागतोच. तंजावरचा चित्रकार दोन्ही टाचा पट्टीवर टेकवतो, धुरंधर एक टाच उचलतात. माझ्या दृष्टीने त्या उचललेल्या टाचेत शंभर वर्षांचा फरक आहे.

पण धुरंधरांनाही जुन्या मागणीने सोडले नाही, हे नमूद केले पाहिजे. त्यांच्या प्रसिद्ध इंग्रजी पुस्तकचित्रांपैकी एक काम ऑटो रोथफेल्डच्या ‘विमेन ऑफ इंडिया’चे (१९२०). तिथे पुन्हा एकेक स्त्री, तिची जात, तिचा प्रांत, तिचे नटणे. हात मराठी, नजरेचा साचा मागल्या शतकाचा. दुसरे काम एस. एम. एडवर्ड्सच्या ‘बायवेज ऑफ बॉम्बे’चे (१९१२). यात गल्ली आहे, रात्र आहे, मोहरम आहे, गर्दी आहे. फक्त एडवर्ड्स हा त्या वेळी मुंबईचा पोलीस कमिशनर होता. गल्लीबोळांत शिरायला ज्याला कारण होते आणि भीती नव्हती असा लेखक. मराठी चित्रकाराच्या हातून मुंबईची गल्ली कागदावर आली ती पोलिसाच्या लेखणीला सोबत म्हणून, या योगायोगावर मी फार भार टाकत नाही. पण कोणी नेले म्हणून चित्रकार गल्लीत गेला, हा प्रश्न गंगारामापासून धुरंधरांपर्यंत सारखाच विचारावा लागतो. फरक एवढाच, की धुरंधरांनी गल्लीत गेल्यावर सांगितले त्याहून जास्त पाहिले.

त्यांची चित्रे पाहायला आपल्या भागातल्या माणसाला लांब जावे लागत नाही. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी यमाईच्या डोंगरावर १९३८ मध्ये जे संग्रहालय उभे केले त्यात रविवर्म्याच्या ‘सैरंध्री’बरोबर धुरंधरही आहेत. राजा स्वतः चित्रकार आणि त्याच्या छोट्या संस्थानाचे तुकडे आजच्या सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत. औंध इकडे, आटपाडी आणि कुंडल तिकडे.

साताऱ्यात दत्तात्रय बळवंत पारसनिसांनी याहून आधी अशीच एक गोष्ट करून ठेवली होती. कागद आणि चित्रे एकाच छपराखाली जमवायची. त्यांची पुस्तके पाहा. सांगली संस्थानावरचे १९१७ चे, जुन्या पुण्यावरचे १९२१ चे. मजकुराच्या बरोबरीने चित्रे आहेत आणि ती सजावट म्हणून आलेली नाहीत. साताऱ्याचे ऐतिहासिक संग्रहालय १९२५ मध्ये उघडले, पुढच्याच वर्षी पारसनीस गेले आणि १९३९ मध्ये तो संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. तिथे त्याची निगा राखली गेली, याबद्दल कृतज्ञच असावे. पण साताऱ्यातून तो गेल्यावर इथल्या अभ्यासकाच्या मनात एक फाळणी झाली. मोडी वाचणारा चित्राकडे बघेना आणि चित्र छापणारा मोडीकडे जाईना.

म्हणून पुढच्या स्मरणिकेच्या संपादकांना एक व्यवहारी सूचना. असे चित्र जरूर छापा, पण खाली चार गोष्टी लिहा : मूळ चित्र कुठे आहे, कोणत्या गावी काढले, कोणासाठी काढले, कागद कोणत्या सालानंतरचा. यांतले जे कळत नसेल तिथे जागा कोरी सोडा, ‘पेशवेकालीन’ हा शब्द भरू नका. आणि डावीकडे ते चित्र छापल्यावर उजव्या पानावर आपल्याच गावच्या पेठेची मोहतर्फ्याची एखादी यादी छापा, देवनागरीत उतरवून, जशीच्या तशी. न्हावी अमुक, तांबोळी अमुक, कासार अमुक, आकार इतके रुपये, सूट इतकी, बाकी इतकी.